मुरलेले पाणी

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार आम्ही गेली अठरा-वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. अर्थ सांगायचा की काहीतरी गौडबंगाल आहे, दिसते त्याच्या आड दुसरेच काही चालले आहे. उदाहरणादाखल वर्तमानपत्रातला एखादा घोटाळा सांगायचा. मुले हसतात आणि तास पुढे सरकतो. पुढच्या वर्षी काव्यशास्त्राच्या तासाला हाच वाक्प्रचार लक्षणेचे उदाहरण म्हणून पुन्हा उपयोगी पडतो. त्याला एक वाच्यार्थही आहे, आणि तो लक्ष्यार्थापेक्षा बराच महाग पडतो, हे मात्र आम्हांला कात्रजच्या आमच्या घराच्या तळघराने शिकविले. ही त्या शिकवणीची हकिकत आहे. घर बांधणाऱ्यांना तिच्यातून चार गोष्टी कळतील. परंतु ती आम्ही लिहीत आहोत ती आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे ‘वाचन’ हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्यासाठी.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. २०११ साली कात्रजच्या डोंगरउतारावरील एका जुन्या वसाहतीत आम्ही हे घर घेतले. उतारावर असल्यामुळे ते रस्त्याकडून एकमजली दिसते आणि मागून दुमजली. पुढच्या खोल्यांच्या पोटात एक लांबट तळघर आहे. त्याची डोंगराकडची भिंत पूर्णपणे मातीत, दोन बाजू निम्म्या मातीत, आणि मागच्या बाजूला वर दोन झरोके व एक दार. दारातून आत जाताना तीन पायऱ्या खाली उतराव्या लागतात. घर पाहायला आलो तेव्हा विक्रेत्याने या तळघराला ‘बोनस’ म्हटले होते. आम्हांला तो शब्द खटकला, जागा मात्र आवडली. ज्या घरात दोन मराठीचे अध्यापक असतात त्या घरात माणसांपेक्षा पुस्तकांना जागा कमी पडते. तिथे ‘सत्यकथे’चे जुने अंक, ‘अस्मितादर्श’चे आणि ‘आलोचने’चे अंक, दोघांचे संशोधनाचे कागद, आणि सरांच्या अकरा वह्या ठेवता येतील, असा हिशेब आम्ही तिथेच उभ्या उभ्या केला.

सरांच्या वह्यांविषयी सांगायला हवे. आमच्या एम. ए.च्या सरांनी १९७०च्या दशकात सुट्टीच्या दिवशी एस. टी.ने मुळशी, मावळ, वेल्हे या भागांतल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. ध्वनिमुद्रणयंत्र त्यांच्यापाशी नव्हते. ओवी ते निळ्या शाईने, ठसठशीत अक्षरांत लिहीत. आणि समासात पेन्सिलीने बारीक नोंद करीत: बाईचे नाव, अंदाजे वय, माहेरचे गाव, आणि ती कुणाकडून शिकली ते. सर गेल्यावर काकूंनी त्या वह्या आमच्या स्वाधीन केल्या. ‘तुम्ही कराल याचे काहीतरी’ एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ‘हो’ म्हटले. नंतर परीक्षा आल्या, मूल्यांकन समित्या आल्या, अभ्यासक्रम बदलले. वह्या तळघरातल्या लोखंडी मांडणीच्या सर्वांत खालच्या कप्प्यात राहिल्या. खालच्या कप्प्यात का, तर त्या जड होत्या.

आता लक्षणांकडे वळू. आज मागे वळून पाहिले की ती इतक्या नेटक्या क्रमाने आलेली दिसतात, की परीक्षेत ‘टप्पे लिहा’ म्हणून विचारता यावीत.

पहिले लक्षण वासाचे. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर तळघराचे दार उघडले की एक कुबट वास येऊ लागला. आम्ही त्याला ‘जुन्या पुस्तकांचा वास’ म्हटले आणि त्यावर प्रेमही केले. जुन्या कागदाला खरोखर वास असतो. पण तो कोरडा आणि काहीसा गोडसर असतो. बुरशीचा वास ओलसर आणि जड असतो, नाकापेक्षा घशात अधिक जाणवतो. ग्रंथालयांतून आयुष्य घालविलेल्या माणसांना हा भेद कळायला हवा होता.

दुसरे लक्षण लोण्याचे. डोंगराकडच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पांढुरकी भुकटी दिसू लागली. झाडली की पडे, महिन्याभराने पुन्हा येई. आमच्या आजीच्या पिढीकडे याला नेमका शब्द होता: भिंतीला लोणा लागला. लवणावरून लोणा, लोणच्याचाच सख्खा भाऊ. विटांत, चुन्या-सिमेंटात आणि मातीत क्षार असतात. भिंतीत शिरलेले पाणी ते विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते; पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणजे लोणा हे पाण्याचे हस्ताक्षरच. पाणी स्वतः दिसत नाही; ते येऊन गेले आणि पुन्हा येणार आहे, एवढे मात्र तिथे लिहिलेले असते. त्या भुकटीवर पाणी शिंपडले की लोणा विरघळतो. बुरशी असेल तर ती तशीच चिकटून राहते. ही एवढी सोपी परीक्षा आहे. आम्ही ती केली नाही. आम्ही फडक्याने भिंत पुसली.

तिसरे लक्षण पोपड्यांचे. रंग फुगला, त्याला फोड आले, मग गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागले. क्षारांचे स्फटिक पृष्ठभागावर वाढतात तसे पृष्ठभागाच्या आतही वाढतात, आणि वाढताना गिलाव्याला बाहेर ढकलतात. अशा ठिकाणी बोटाच्या पेराने वाजवून पाहिले तर भिंत पोकळ बोलते.

चौथे लक्षण रेषेचे. कमरेच्या थोड्या खाली भिंतीवर एक वेडीवाकडी, पिवळसर-तपकिरी कडा उमटली. जमिनीतली ओल भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून, वातीतून तेल चढावे तशी वर चढते, आणि जिथे तिचे चढणे व तिचे वाळणे यांचा तोल साधतो तिथे अशी कडा राहते. वरून गळणाऱ्या पाण्याचा डाग वर गडद आणि खाली ओघळलेला असतो. खालून चढणाऱ्या ओलीची कडा आडवी असते. डागाचा आकार पाहूनच त्याची दिशा सांगता येते.

आणि मग बारीकसारीक लक्षणे: मांडणीच्या पायांना, तेही फक्त तळाशी, आलेला गंज. शहाबादी फरशीच्या सांध्यांत कायम राहणारा काळेपणा. दाराची चौकट फुगल्यामुळे श्रावणात न लागणारे आणि मार्गशीर्षात सहज लागणारे दार. पुस्तकांत वाढलेली कसर. रुपेरी, चपळ, पान उलटले की पळणारी. मासिकांच्या अंकांची पाने सपाट न राहता लाटांसारखी उठलेली. आणि कोपऱ्यात अधूनमधून निघणारी गोम, जी कोरड्या जागी कधी राहत नाही.

यांपैकी एकही लक्षण आमच्या नजरेतून सुटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आम्हांला सगळे दिसत होते. २०१४ च्या दिवाळीत आमच्यापैकी एकाने भिंतीवरची ती आडवी कडा दुसऱ्याला दाखविली. दुसऱ्याने म्हटले, नळाची गळती असेल, पाऊस तर केव्हाच थांबला. त्या तर्कात दिसायला खोट नव्हती. मग रंगारी आला, त्याने पोपडे खरवडून पुट्टी भरली आणि पाणीरोधक म्हणून विकला जाणारा महागडा रंग दिला. भिंत नववधूसारखी दिसू लागली. दीड वर्षाने कडा पुन्हा उमटली, पहिल्यापेक्षा वीतभर उंच. तेव्हा आम्ही तिच्यापुढे एक लाकडी कपाट सरकविले. कुणी सरकविले यावर आमचे आजही एकमत नाही.

खरा वाचक आम्हांला २०१८ साली भेटला. मोरीची फरशी बदलायला आलेल्या एका वयस्क गवंड्याला आम्ही सहज तळघर दाखविले. ते मूळचे वेल्ह्याकडचे. आत पाऊल टाकताच ते थांबले आणि त्यांनी दोनदा श्वास घेतला. मग भिंतीपाशी जाऊन तळहाताच्या आतल्या बाजूने नव्हे, पालथ्या हाताने भिंत चाचपली. ताप पाहतात तशी.

“कपाट कुणी लावलं हितं?” त्यांनी विचारले. आम्ही गप्प राहिलो.

“आन् ह्यो रंग? भित्तीला रंग दिला म्हंजे तिचं तोंड बांधलं तुमी. तिला आतलं पानी भाईर टाकू द्या की. आता ती वर वर चढवती.”

नळाची गळती असावी, असे आम्ही सुचवून पाहिले. ते म्हणाले, “नळ गळला तर बारा म्हैने गळंल. हे कधी वाढतं?” आम्ही आठवून सांगितले की भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे पाऊस ओसरल्यावर. ते हसले. “मंग झालं की. डोंगराचं पानी हाय. ते पावसाबरूबर येत न्हाई, मागनं येतं.”

आम्ही खात्रीचा उपाय विचारला, तेव्हा त्यांनी एक परीक्षा सांगितली. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीकडच्या अंगाला थेंब धरले तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर बसतो आहे. झरोके उघडे ठेवले, वारा खेळता केला की भागते. भिंतीकडच्या अंगाला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येते आहे, आणि त्याला बाहेरूनच वाट करून द्यावी लागते. आम्ही कागद लावला. तिसऱ्या दिवशी सोडला तेव्हा त्याची भिंतीकडची बाजू निथळत होती.

जाताना ते एक वाक्य बोलले, आणि ते आमच्या मनातून गेले नाही. “ह्या भित्तीमागं जिव्हाळा हाय.” विहीर खणताना तळाशी जो जिवंत झरा लागतो त्याला त्यांच्याकडे जिव्हाळा म्हणतात. आम्ही कथासंग्रहांच्या परीक्षणांतून ‘जिव्हाळा’ आणि ‘ओलावा’ हे शब्द किती वेळा लिहिले असतील त्याची गणती नाही. दोन्ही शब्द मुळात पाण्याचे. माणसांच्या मायेसाठी आपण ते वापरू लागलो, कारण ज्या मुलखात आठ महिने जमीन कोरडी असते तिथे पाण्याहून मायाळू दुसरे काही नव्हते. त्या शब्दांखालचे पाणी आम्ही पार विसरून गेलो होतो. भिंतीतली ओल वाचता न येण्याला हेही एक कारण असावे.

गवंडीकाकांनी एका वाक्यात जे सांगितले ते समजून घ्यायला आम्हांला पुढे बरेच वाचावे लागले. आपला दख्खनचा खडक एकसंध नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असतात. वरचा झिजलेला भाग म्हणजे मुरूम, त्यातून पाणी सहज उतरते. खाली घट्ट काळा पाषाण लागला की ते थांबते आणि त्याच्या पाठीवरून उताराच्या दिशेने सरकू लागते. उतारावर तळघर खणणे म्हणजे या सरकणाऱ्या पाण्याच्या वाटेत एक खड्डा करणे. विहीर खणतात तीही अशीच. फरक इतकाच की विहिरीत पाणी आले की माणसे आनंदतात. पाण्याला मुरमातून उतरून भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पाऊस थांबल्यावर भिंत ओली होते. आम्ही नेमक्या याच गोष्टीवरून नळावर संशय घेतला होता. खूण बरोबर पाहिली आणि अर्थ उलटा लावला.

कात्रजमध्ये हे अज्ञान जास्तच लाजिरवाणे आहे. कारण डोंगराचे पाणी वाचण्याची एक थोर परंपरा याच गावातून सुरू होते. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, आंबिल ओढ्याचे पाणी अडवून कात्रजचे तलाव बांधले गेले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे, अशी त्यांची योजना. तिथून दगडी बांधणीचे भुयारी नळ, कुठे कुठे माणूस चालत जाऊ शकेल एवढे, केवळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी नेत. या नळांवर ठरावीक अंतराने उंच बांधकामे आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. बंद वाटेने चाललेल्या पाण्याबरोबर हवाही कोंडते; तिला बाहेर पडायला जागा दिली नाही तर प्रवाह अडतो आणि बांधकामावर ताण येतो, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. आम्ही शनिवारवाड्यावर मुलांच्या सहली नेल्या, उच्छ्वास या शब्दाची व्युत्पत्तीही सांगितली. आमच्या भिंतीचे तोंड मात्र रंगाने बांधून टाकले.

गवंडीकाकांनी सांगितलेले काम मोठे होते. डोंगराकडून भिंतीबाहेर खोल चर खणायचा, त्यात खडी आणि छिद्रांचा नळ टाकून पाण्याला बाजूने उताराकडे काढून द्यायचे. खर्च बराच होता. पुढच्या वर्षी करू, असे आम्ही ठरविले. वह्या तेवढ्या वर न्याव्यात, असेही ठरले होते. तेही पुढच्या सुट्टीत.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्याच्या दक्षिण भागातल्या लोकांना वेगळी सांगावी लागत नाही. संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा त्या रात्री काठ सोडून सहकारनगर, अरण्येश्वर, दत्तवाडी या भागांतल्या वस्त्यांत शिरला. अरण्येश्वर भागातल्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक जीव त्या पावसात गेले. पुण्याने १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय पाहिला होता, पण तो नदीचा आणि फुटलेल्या धरणाचा. ओढ्यालाही असे रूप असते हे शहर विसरले होते. खरे तर या ओढ्याचा प्रवाह पेशवेकाळातच एकदा वळविलेला आहे. आधी तो जुन्या पेठांजवळून वाहत नदीला मिळे. नंतर त्याच्या काठावर, आणि पुढे पुढे पात्रातही, शहर येऊन बसले.

आमचे घर ओढ्यापासून दूर आणि उंचावर. आम्हांला काही झाले नाही, हे वाक्य आम्ही त्या रात्री फोनवर चार-पाच जणांना सांगितले. वीज नव्हती. पहाटे तळघराचे दार उघडले तेव्हा तिन्ही पायऱ्या पाण्याखाली होत्या. डोंगराकडच्या भिंतीतून, त्या कडेच्या बरोबर खालून, पाणी बोटभर धारेने येत होते. इतकी वर्षे ते तेवढेच सांगत होते.

भिजलेल्या कागदाला वेळ फार थोडा असतो. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. भिजलेले पुस्तक उन्हात टाकू नये, बळेच उघडू नये. टिपकागद घालून पंख्याखाली वाळवावे, आणि एकदम सगळे हाताळता येत नसतील तर उरलेली गोठवून ठेवावीत, म्हणजे बुरशी थांबते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे तळघर बुडाले, तेव्हापासून ग्रंथसंवर्धनाची आधुनिक विद्या वाढत गेली. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तके भिजविली होती. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ चा आणि पुढे जुलै २०२१ चा असे दोन पूर सोसले. सांगलीची बातमी वाचून आम्ही जेमतेम दीड महिन्यापूर्वी हळहळलो होतो. हळहळताना आमच्या पायांखाली सरांच्या वह्या होत्या.

अकरांपैकी आठ वह्या पूर्ण भिजल्या होत्या. पाने आम्ही एक एक करून सोडवली, आणि तेव्हा एक गोष्ट दिसली जी आधी कधी मनात आली नव्हती. निळी शाई पाण्यात विरघळते. पेन्सिलीचे शिसे विरघळत नाही. ओव्या गेल्या होत्या. पानभर निळे धुके उरले होते. समासातल्या नोंदी मात्र जशाच्या तशा होत्या. बाईचे नाव, वय साठ, माहेर अमुक, आजीकडून शिकली. पुढे काय शिकली ते नाही. पाठोपाठ पाने, गाणाऱ्यांची नावे, आणि गाणे नाही. इंद्रायणीत बुडालेली तुकोबांची गाथा तेराव्या दिवशी वर आली असे परंपरा सांगते. आम्ही तेरा दिवस पंख्याखाली पाने उलटीत बसलो. आमच्या वाट्याला समास आला.

काकूंना हे सांगायला आम्ही गेलो, तो दिवस लिहिता येत नाही. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात महाविद्यालय पुन्हा भरले. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ओढ्याकाठच्या वस्तीतून येणारी एक मुलगी आहे, ती आठ दिवसांनी आली. तिच्या घरात पाण्याची रेघ तिच्या डोक्याहून वर होती. तिच्या वह्या, पुस्तके, दहावीचे प्रमाणपत्र, सगळे गेले होते. ती टिपणे मागायला आली होती. आम्ही तिला टिपणे दिली, आणि बोलता बोलता, काहीशा शहाणपणाच्या आवेशात, ओलीची लक्षणे आधीच ओळखायला हवीत असे काही बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे ओल बारा महिने असते. भिंत बघून आजी सांगते यंदा पाणी कुठवर येईल. पण दिसलं म्हणून घर सोडून जायचं कुठं?”

त्या उत्तरानंतर या लेखाचा सूर आम्हांला बदलावा लागला. लक्षणे ओळखावीत, हे खरे. पण ओळखण्याच्या पुढचा प्रश्न हा की ओळखल्यावर काही करण्याची सोय कुणाला आहे. तिच्या आजीला वाचता येत होते आणि करता काही येत नव्हते. आम्हांला दोन्ही शक्य होते. आमच्यापाशी पैसे होते, वेळ होता, गवंडीकाका होते, वरच्या मजल्यावर कोरडे कपाट होते. आम्ही वाचायचे टाळले, कारण वाचले असते तर चर खणावा लागला असता. साहित्याच्या वर्गात आम्ही ‘संदिग्धता’ शिकवितो, एका खुणेचे अनेक अर्थ संभवतात असे सांगतो. तळघरात त्या शिकवणीचा आम्ही सोयीने वापर केला. भिंतीवरच्या कडेला एकच अर्थ होता, आणि तो आम्हांला नको होता.

२०२० च्या उन्हाळ्यात चर खणायचे ठरले होते, पण तेव्हा सगळेच बंद होते. तो पुढच्या वर्षी खणला. गवंडीकाका स्वतः येऊ शकले नाहीत, त्यांचा पुतण्या आला. पहारीखाली मुरूम निघाला, मग काळा पाषाण, आणि त्या दोहोंच्या सांध्यातून एप्रिल महिन्यातही पाण्याची बारीक, स्वच्छ धार लागली. कामावरच्या बायकांनी त्या पाण्याने तोंड धुतले. शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ, मूळचे कात्रजचेच, बघायला आले आणि सहज म्हणाले, ‘इथे आधी ओघळच होती, आम्ही लहानपणी इथे गुरे पाजायचो.’ इतकी वर्षे त्यांनी हे का सांगितले नाही? कारण आम्ही विचारले नव्हते.

आता ते पाणी बाजूने निघून मागच्या अंगणातल्या हौदात पडते आणि झाडांना जाते. भिंतीवरचा रंग आम्ही पूर्ण काढून टाकला आहे. तिला चुन्याचा गिलावा केला, म्हणजे ती ओल टाकू शकते. कपाट नाही. तळघरात जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत काही ठेवायचे नाही असा नियम आहे, आणि पुस्तके तर तिथे नाहीतच.

सरांच्या समासातल्या नावांची आम्ही गावांनुसार यादी केली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमविलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज सर्वांना पाहता येतो. मुळशी-मावळातल्या बायकांच्या ओव्या त्यात मोठ्या संख्येने आहेत. सरांनी ऐकलेल्या ओव्यांची भावंडे तिथे भेटतात, त्याच ओव्या भेटतीलच असे नाही. म्हणून जमेल त्या रविवारी आम्ही ती यादी घेऊन गावे हिंडतो. यादीतल्या बहुतेक बाया हयात नाहीत. एका गावी सून भेटली, आता तीच साठीच्या पुढची. समासातले सासूचे नाव आम्ही वाचून दाखविले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने आठवून आठवून चार ओव्या सांगितल्या. जाते आता दाराबाहेर पालथे पडले आहे. पाचवी तिला अर्धीच आठवली.

आम्ही त्या पेन्सिलीने लिहून घेतल्या.

तळघराच्या भिंतीवरही आता पेन्सिलच असते. दर वर्षी घटस्थापनेला आम्ही खाली उतरतो, पालथ्या हाताने भिंत पाहतो, ओल कुठवर चढली आहे तिथे बारीक रेघ मारतो आणि शेजारी साल लिहितो. चर खणल्यापासूनच्या रेघा खाली खाली येत गेल्या आहेत. गेल्या वर्षीची मात्र आदल्या वर्षीच्या रेघेपेक्षा बोटभर वर आहे. डोंगरावर वरच्या अंगाला नवे खोदकाम सुरू झाले आहे. पुतण्याला निरोप धाडला आहे.